गाणं कुणाच्या रक्तात?

हुबळीहून धारवाडला निघालं, की जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावर उणकल आणि नवनगर मागे टाकल्यावर रायापूर लागतं. इस्कॉनचं मंदिर, 'चिगरी' बसचा थांबा, दोन्ही बाजूंना धावणारी वाहनं. 1962 साली हुबळी आणि धारवाडची मिळून एक महापालिका झाली. रायापूर मात्र ना धड या शहराचं ना त्या, असंच मध्ये राहिलं. नकाशावर या रायापूरला कंपासचं टोक टेकवून साठ-सत्तर किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहा. त्यात सवाई गंधर्वांचं कुंदगोळ येतं, मल्लिकार्जुन मन्सूरांचं मन्सूर येतं, गंगूबाई हनगल जन्मल्या ते धारवाड आणि आयुष्यभर राहिल्या ती हुबळी येते, बसवराज राजगुरूंचं यलिवाळ येतं, भीमसेन जोशी वाढले ते गदग येतं. वर्तुळ बेळगावच्या दिशेनं थोडं ताणलं, तर कुमार गंधर्वांचं सुळेभावीही हाती लागतं. आपण मराठी लोक या सगळ्यांना आपलेच मानतो. त्यांच्या घरात कन्नड बोललं जाई हे त्या आपुलकीच्या भरात विसरतोही.

एवढ्याशा मुलखात एवढे गळे कसे निपजले, असं इथल्या माणसांना विचारलं की तीन उत्तरं ठरलेली असतात. कुणी म्हणतं, इथलं पाणीच तसं. कुणी म्हणतं, रक्तातच असावं लागतं. आणि उरलेले हात जोडून म्हणतात, गुरूची कृपा, देवाची देणगी. माणसाचा स्वभाव आणि त्याची समज कशानं घडते यावर गेली दीडशे वर्षं चाललेल्या वादातही बाजू जवळपास याच तीन आहेत.

रक्तापासून सुरुवात करू. 1869 साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकानं आनुवंशिक प्रतिभेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. न्यायाधीश, सेनानी, कवी, संगीतकार अशा नामवंतांचे नातेवाईक त्यानं मोजले आणि निष्कर्ष काढला, की नामवंतांच्या घरात नामवंत जास्त जन्मतात, म्हणजे कर्तृत्व वंशातून उतरतं. आपल्या खाँसाहेबांना हे सांगायला गाल्टन लागला नसता. खानदानी विद्या मुलाला, पुतण्याला, फार तर भाच्याला द्यायची, आणि बाहेरच्या शिष्याला दिली तरी हात राखून, ही रीत त्याच समजुतीवर उभी होती. धारवाडातच त्याचं उदाहरण आहे. सतारिये रहिमत खाँ विसाव्या शतकाच्या आरंभी इथे स्थायिक झाले आणि त्यांच्या घरात सतार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बाळे खाँ हे त्याच घरातले. अशा घराकडे बोट दाखवून 'रक्तात आहे' म्हणणं अगदी सोपं.

पण त्या घरातल्या मुलाला रक्ताबरोबर आणखी काय मिळालं? पाळण्यात असल्यापासून कानावर सतार, पाचव्या वर्षी हातात वाद्य, चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्त करणारा बाप, आणि आपण सतारियेच होणार याबद्दल घरात कुणालाच नसलेली शंका. आईबाप मुलाला जनुकं देतात आणि तेच हात त्याला घरही देतात. दोन्ही एकाच दारातून आत येतात. गाल्टननं नातेवाईक मोजले. घर आणि वंश वेगळे काढायची युक्ती त्या मोजणीत नव्हती. पुढे 1875 मध्ये जुळ्यांकडे पाहायला हवं हे त्यालाच सुचलं. ते त्याचं श्रेय मोठं.

आता रायापूरच्या वर्तुळातली माणसं पाहा. कुंदगोळच्या रामभाऊंचे, म्हणजे पुढच्या सवाई गंधर्वांचे, वडील गणेश सौंशी हे नाडगीरांच्या वाड्यावर कारकुनी करणारे. मन्सूरांचे वडील शेतकरी. भीमसेनांचे वडील शाळामास्तर. खानदानी म्हणावं असं यांच्यात कुणी नाही. म्हणजे आनुवंशिकता खोटी ठरली, असं वाटेल. गाडी इथेच घसरते, कारण खानदान आणि आनुवंशिकता या दोन गोष्टी एक नव्हेत.

मुलाला आईची निम्मी आणि बापाची निम्मी जनुकं मिळतात, पण कोणती निम्मी हे प्रत्येक खेपेला नव्यानं ठरतं. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मंच साम्य असतं. स्वर ओळखणं, तो लक्षात ठेवणं, तासन्‌तास एका गोष्टीला चिकटून राहणं, न संकोचता लोकांपुढे बसणं, या प्रत्येकामागे एखाददुसरं नव्हे तर असंख्य जनुकं असतात आणि त्यांतल्या एकेकाचा वाटा अगदी किरकोळ. ती साऱ्या समाजात विखुरलेली असतात. सनदा-इनाम पाहून घरं निवडत नाहीत. त्यामुळे कारकुनाच्या घरात एखादा विलक्षण मेळ जमून येणं आणि महान गवयाच्या घरात तो न जमणं, ही दोन्ही आनुवंशिकतेचीच कामं. भीमसेन सोळा भावंडांतले थोरले. त्या घरातून भीमसेन एकच निघाला, ही गोष्ट जनुकांच्या विरुद्ध पुरावा म्हणून सांगतात. खरं तर ती त्यांच्या बाजूनं जास्त बोलते. घर तर सगळ्यांना तेच होतं!

जुळ्यांचे अभ्यास याच फटीत शिरतात. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास सगळी सारखी, द्विबीज जुळ्यांची साध्या भावंडांसारखी निम्मी. घर मात्र दोघांनाही एकच. एखाद्या गुणात एकबीज जुळी जास्त सारखी निघाली, तर त्या फरकावरून जनुकांचा अंदाज बांधता येतो. 2001 साली ओळखीच्या चालींत बेसूर जागा ओळखण्याची परीक्षा अशा जुळ्यांना दिली गेली, तेव्हा माणसा-माणसांतल्या फरकाचा 71 ते 80 टक्के भाग आनुवंशिकतेकडे गेला. 2015 मध्ये तोवरच्या पन्नास वर्षांतले 2,748 जुळे-अभ्यास एकत्र केले गेले. उंचीपासून स्वभावापर्यंत साऱ्या गुणांची सरासरी 49 टक्के आली. निम्मं निम्मं, म्हणून दोन्ही पक्षांनी घरी जायला हरकत नाही असा हा आकडा दिसतो.

मला सगळ्यांत रस वाटला तो स्वीडनमधल्या 2014 सालच्या अभ्यासात. सुमारे साडेदहा हजार जुळ्यांना संशोधकांनी विचारलं, तुम्ही आयुष्यात किती तास रियाज केलात? त्या तासांतल्या फरकाचाच 40 ते 70 टक्के भाग आनुवंशिक निघाला. म्हणजे ज्याला आपण मेहनत म्हणतो, जी जन्मजात देणगीच्या बरोबर उलट टोकाला ठेवतो, तिच्यातही जन्माचा हात आहे. पुढची गोष्ट रियाज करणाऱ्यांना टोचेल. एकबीज जोडीतल्या एकानं जास्त वाजवलं, दुसऱ्यानं कमी, तरी स्वर-लय ओळखण्याच्या चाचणीत जास्त वाजवणारा पुढे गेला नाही. अर्थात ही चाचणी दोन स्वरांतला फरक ओळखता येतो का एवढंच विचारणारी. विलंबित एकतालात अर्धा तास राग उभा करता येतो का, हे अजून कुठल्या प्रयोगशाळेनं मोजलेलं नाही, आणि स्वीडनमध्ये तर मोजणारही नाही.

तरी ही गोष्ट समजून घ्यायला भीमसेनांइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही. लहानपणी वाजंत्री किंवा भजनाची दिंडी दिसली, की पोर तिच्यामागे चालत सुटायचं आणि थकलं की तिथेच झोपायचं. शेवटी मास्तरांनी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असं लिहून ठेवलं, म्हणजे सापडला की लोक घरी आणून सोडतील. मग दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरीची तबकडी कानावर पडली आणि 1933 साली, अकराव्या वर्षी, हा मुलगा घरातून पळाला. ग्वाल्हेर, रामपूर, जालंधर, गुरू शोधत सगळा उत्तर हिंदुस्थान पालथा घातला आणि गुरू मिळाला तो कुंदगोळला, घरापासून काही तासांवर. या मुलाला परिस्थितीनं घडवलं म्हणावं, तर ती परिस्थिती त्यानं स्वतः धावत जाऊन मिळवलेली. स्वभाव माणसाला विशिष्ट वातावरणाकडे ओढतो आणि ते वातावरण तोच स्वभाव आणखी पक्का करतं. 49 टक्क्यांच्या आकड्यात हे ओढणं जनुकांच्या खात्यावर जमा झालेलं असतं. तबकडी, ती तबकडी लावणारा दुकानदार आणि फुकट प्रवास करू देणारी आगगाडी मात्र त्या खात्यात कुठेच दिसत नाही.

आणि तो टक्का कशाचा, हेही नीट पाहायला हवं. 1972 साली धारवाडच्या कृषी संशोधन केंद्रात डॉ. कटरकी यांनी 'वरलक्ष्मी' नावाचा लांब धाग्याचा संकरित कापूस तयार केला. दोन वेगळ्या जातींचा संकर करून व्यापारी लागवडीला आलेलं ते गाजलेलं वाण. धारवाडच्या पूर्वेला काळी जमीन, पश्चिमेला मलनाडाकडे तांबडी, आणि पाऊसही दर काही मैलांवर बदलणारा. एकाच काळ्या रानात दहा वाणं पेरली, तर झाडांच्या उंचीतला फरक जवळजवळ सगळा बियाण्याचा. एकच वाण काळ्या आणि तांबड्या रानात पेरलं, तर फरक सगळा जमिनीचा. बियाणं तेच, झाड तेच, टक्का मात्र शंभरावरून शून्यावर. तो टक्का त्या वर्षाच्या त्या शेतांचा असतो. एका झाडाला त्यातलं काही चिकटवता येत नाही. 'गंगूबाईंच्या गाण्यात किती टक्के रक्त आणि किती टक्के तालीम' या प्रश्नाला म्हणून अर्थच नाही.

धारवाडचं हे शेत कसं तयार झालं ते मात्र सांगता येतं, आणि 'इथलं पाणी' या उत्तरापेक्षा ते जास्त खरं आहे. म्हैसूरच्या दरबारात दसऱ्याला उत्तरेचे गवई बोलावले जात. मुंबई-मिरजेकडून म्हैसूरला जाणाऱ्यांची वाट इथूनच, आणि कुंदगोळच्या नाडगीरांसारखे शौकीन त्यांना वाड्यावर मुक्कामाला थांबवून घेत. करीम खाँसाहेब असेच कुंदगोळला आले आणि रामभाऊंना शिष्य म्हणून घेतलं ते किमान आठ वर्षं शिकायचं या अटीवर. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. शाळा-कचेऱ्यांतून मराठीचा वावर होता, किर्लोस्कर मंडळींपासूनच्या संगीत नाटक कंपन्या हुबळी-धारवाडला मुक्काम ठोकीत आणि भास्करबुवा बखले धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवीत. दक्षिणेचं कर्नाटक संगीत इथे मावळतीला लागलेलं, उत्तरेचं उगवतीला. शिवाय हिंदुस्थानी गाण्याला इथे वंशपरंपरागत मालक नव्हते. लखनौ-ग्वाल्हेरात कारकुनाच्या पोरानं खाँसाहेबांच्या मुलांशी स्पर्धा करायची असती. इथे जागा रिकामी होती. करीम खाँसाहेबांना आपलं गाणं पुढे न्यायला माणसं हवी होती आणि ती त्यांना कारकुनांच्या नि मास्तरांच्या घरांत मिळाली.

या सगळ्या हिशोबात एक उनाड गोष्ट राहून जाते: निव्वळ योगायोग. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज एका संस्थानात रात्री-रात्री गाऊन बसला; मग उरलेल्या आवाजाला झेपेल अशी वेगळीच, वळणावळणाची गायकी त्यांनी रचली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख झाली. मन्सूरांकडे ती आधी त्यांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्याकडून आणि 1937 मध्ये ते गेल्यावर भुर्जी खाँ यांच्याकडून आली. गंगूबाईंचा आवाज तरुणपणी बारीक होता. गळ्यावर टॉन्सिल्सचे उपचार झाले आणि तो एकदम पुरुषी, रुंद झाला. आज किराणा घराण्याचा भारदस्त गळा म्हणून जो आपण ऐकतो, तो वंशातून आला नाही, गावातूनही नाही. शास्त्रज्ञांच्या कोष्टकात अशा गोष्टी 'परिस्थिती' या रकान्यात टाकल्या जातात, कारण दुसरा रकानाच नाही.

आता तिसरं उत्तर. कृपा, श्रद्धा, समजूत, जे म्हणायचं ते म्हणा. शिकल्यासवरलेल्यांच्या चर्चेत याला शेवटी पाच मिनिटं मिळतात. माझ्या मते रायापूरच्या वर्तुळात सर्वांत निर्णायक हेच होतं.

गंगूबाईंची आई अंबाबाई कर्नाटक संगीत उत्तम गात. त्या ज्या समाजातल्या, तिथे बायका गात, आणि म्हणूनच बाकीचा समाज त्यांना घरात घेत नसे. धारवाडच्या शुक्रवार पेठेत लहानग्या गांधारीनं, हे गंगूबाईंचं मूळ नाव, शेजारच्या बागेतले आंबे तोडले, तेव्हा मालकाला चोरीपेक्षा गाणारीची पोर बागेत शिरली याचा संताप आला. 1924 साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात ती गांधीजींसमोर स्वागतगीत गायली. त्या दिवसाबद्दल त्यांनी पुढे सांगितलं आहे, की मनात धास्ती गाण्याची नव्हती. आपल्या जातीमुळे जेवणानंतरची खरकटी जागा आपल्याला साफ करायला सांगतात की काय, याची होती. अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात गाण्याबरोबर हा विचारही चालू होता.

अशा विचाराची किंमत पुढे मोजली गेली. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. जात न पुकारता मुलं बसवली, तेव्हा उच्च जातीच्या आणि दलित मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. ज्या गटांत नाव, बापाचं नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली, तिथल्या दलित मुलांची कोडी मात्र कमी सुटली. दोन्हींकडच्या मुलांच्या जनुकांत किंवा शाळांत असा काही फरक नव्हता. फरक एवढाच, की समोरचे आपल्याला कोण समजतात हे मुलाला आठवलं.

गंगूबाईंच्या बाबतीत या समजुतीला तोंड द्यायला आणखी एक समजूत घरातच उभी होती. मुलीनं हिंदुस्थानीच शिकायचं, असं अंबाबाईंनी ठरवलं. त्यासाठी 1928 मध्ये घर हुबळीला हलवलं आणि मुलीच्या कानावर दुसरी गायकी पडू नये म्हणून स्वतःचं कर्नाटक गाणं बंद केलं. गळा जिनं दिला, तिनंच आपला संस्कार मागे घेतला. आनुवंशिकता आणि परिस्थिती यांना एकमेकींपासून सोडवायचा यापेक्षा धाडसी प्रयोग मी तरी ऐकलेला नाही. अंबाबाई 1932 मध्ये गेल्या. गंगूबाई पुढे रेल्वेनं हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात राहिल्या. वाटेवर 'गाणारीण चालली' अशी कुजबुज व्हायची ती व्हायचीच.

समजूत उलट्या दिशेनंही काम करते, आणि त्याचं मोठं ठिकाण गदगला आहे. पंचाक्षरी गवई आणि त्यांचे बंधू जन्मांध. अशा मुलांच्या वाट्याला तेव्हा काय येई ते सांगायला नको. हनगलच्या कुमारस्वामींनी त्यांचा कान ओळखला आणि शिक्षणाची सोय केली. पंचाक्षरींनी गदगला वीरेश्वर पुण्याश्रम चालवला. अंध आणि निराधार मुलं तिथे राहून गाणं-वाजवणं शिकू लागली. 1944 मध्ये ते गेल्यावर पुट्टराज गवई, तेही अंध, 2010 पर्यंत ते काम करत राहिले. बसवराज राजगुरू पंचाक्षरींचेच शिष्य. आश्रमात येणाऱ्या मुलाचं खानदान कुणी पाहत नसे. जन्मावरून माणसाची पायरी ठरत नाही, हे बसवेश्वरांनी बाराव्या शतकात मांडलं होतं. प्रत्यक्षात लिंगायत समाजानं ते किती पाळलं यावर वाद घालता येईल आणि घालायलाही हवा. पण निदान या एका अंगणात त्या विचाराला पोटापाण्याचं रूप आलं. मन्सूर आयुष्यभर त्याच परंपरेतली वचनं गात राहिले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यावर करीम खाँसाहेबांची निष्ठा होती आणि उरसात तिथे आजही गाणं होतं. देवाची देणगी खरी की खोटी, हे सिद्ध करण्याच्या मी फंदात पडणार नाही. ती मानणारा माणूस आठ वर्षं षड्ज लावत बसतो, आणि न मानणाऱ्याला तेवढं बसायला दुसरं काही तरी शोधावं लागतं, एवढं मात्र दिसतं.

या समजुती बदलल्यावर काय होतं, तेही आपल्याकडेच घडून गेलं. करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची मुलगी हिराबाई बडोदेकर. ताराबाई 1922 मध्ये मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, म्हणजे बापाचा वंश राहिला आणि बापाचं घर सुटलं. पुढे हिराबाई तिकीट लावून, सभ्य प्रेक्षकांसमोर बसून गाऊ लागल्या आणि घरंदाज बाईनं मैफल करायची नाही ही समजूत मराठी मध्यमवर्गात हळूहळू ढिली पडली. त्याआधीच्या पिढीत पुण्या-धारवाडच्या हजारो घरांत स्वराचा पक्का कान घेऊन मुली जन्मल्याच असणार. त्यांचं गाणं ओव्या आणि मंगळागौरीपलीकडे गेलं नाही, आणि त्या काळी कुणी जुळ्यांचा अभ्यास केला असता, तर बायकांच्या गाण्यात आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ नाहीच असं उत्तर आलं असतं: गाणाऱ्या कोण आणि न गाणाऱ्या कोण हे सगळं जातीनं ठरत होतं. दार उघडल्यावर ज्यांना तालीम सारखीच मिळाली, त्यांच्यात कान आणि गळा यांचा फरक पहिल्यांदा उघड दिसायला लागला. संधी जितकी समान होते, तितका जनुकांचा टक्का वाढतो.